कॉइल स्प्रिंग : सस्पेन्शनमधील दोषांचे निदान

वाहनाच्या सस्पेन्शनमधील मळसूत्री पोलादी स्प्रिंग बसली (कायमची आखूड झाली), तुटली, गंजली किंवा बैठकीतून (टेकण्याच्या जागेतून) सरकली आहे का, हे ओळखण्याची पद्धत. वाहनाचे वजन ठरावीक उंचीवर पेलणे हे स्प्रिंगचे काम आणि सुरू झालेले डोलणे थांबवणे हे शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे. निदानात चुका होतात त्या बहुधा या दोन कामांची सरमिसळ केल्यामुळे.

मळसूत्री स्प्रिंगचे पहिले पेटंट १७६३ मध्ये ब्रिटनमध्ये ट्रेडवेल यांना मिळाले, असे सामान्यतः मानतात. नावाचे लेखन मात्र ट्रॅडवेल असेही आढळते. मोटारगाडीत तिचा प्रथम वापर कोणी केला, याचे उत्तर ‘वापर’ कशाला म्हणायचे यावर अवलंबून आहे. १९२२ च्या लान्सिया लॅम्ब्डाच्या पुढील सस्पेन्शनमध्ये ती होती. मोठ्या प्रमाणावरील प्रसार १९३४ पासून जनरल मोटर्सच्या स्वतंत्र पुढील सस्पेन्शनमुळे झाला, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

जुनी स्प्रिंग ‘मऊ पडते’ हा समज सर्वत्र आहे. तो काटेकोरपणे पाहता टिकत नाही. स्प्रिंगची ताठरता तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या सम प्रमाणात, तर वेढ्याच्या सरासरी व्यासाच्या तिसऱ्या घाताच्या आणि क्रियाशील (भाराखाली प्रत्यक्ष दबणाऱ्या) वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असते. पोलादाचा दृढता गुणांक (पिळाला होणारा विरोध दाखवणारे माप) सुमारे ७९ गिगापास्कल असून वापराने तो व्यवहारात बदलत नाही. म्हणून बसलेली स्प्रिंग आखूड होते, पण तिची ताठरता जवळजवळ पूर्वीइतकीच राहते. खरा अपवाद गंजाचा : १२ मिमी. तार सर्वत्र झिजून ११.५ मिमी. झाली, तर ताठरता सुमारे १६ टक्क्यांनी घटते. उलट शेवटचा तुकडा तुटून क्रियाशील वेढे कमी झाले, तर उरलेली स्प्रिंग थोडी अधिक ताठर बनते. वेढा कापून गाडी खाली बसवणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो. ‘गाडी फार डोलते’ या तक्रारीवरून स्प्रिंगला दोष देणे त्यामुळे चुकीचे ठरते. बसलेल्या स्प्रिंगचे लक्षण उलटे असते : चाकाला वर जायला जागा कमी उरते आणि खड्ड्यात बंप स्टॉपवर (चाकाची वरची हालचाल अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर) दणका बसतो.

तुटण्याची जागा बहुधा खालच्या शेवटच्या वेढ्याजवळ असते. तिथे बैठकीत माती, खडी व पाणी अडकते, रंगाचा थर खरवडला जातो आणि गंजाच्या बारीक खळग्यातून शिणवट्याची (वारंवार पडणाऱ्या भाराने होणारी) भेग वाढते. भंगलेल्या पृष्ठाचा काही भाग गंजून काळपट व उरलेला चकचकीत दिसला, तर भेग जुनी आणि शेवटचे तुटणे अलीकडचे. तुटका तुकडा बैठकीतच अडकून राहिल्यास उंचीत फारसा फरक पडत नाही. म्हणून चाक काढून, वेढा पुसून, टॉर्च व आरशाने पाहावे. तुटलेले टोक बाहेर सरकून टायरची आतली बाजू कापू शकते. असे वाहन चालवू नये.

उंची मोजताना वाहन सपाट जमिनीवर, रिकामे आणि टायरमधील हवा नेमकी असावी. गाडी थोडी मागेपुढे ढकलून चारही कोपरे दाबून सोडावेत आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत उभे अंतर घ्यावे. जमिनीपासून मोजल्यास टायरची झीज हिशेबात शिरते. उत्पादकाचा आकडा हाच प्रमाण. तो नसेल तर डाव्या-उजव्या बाजूंत १० ते १५ मिमी.पेक्षा जास्त फरक संशयास्पद मानतात. विशबोन रचनेत (चाक आडव्या भुजांनी धरलेले असते तिथे) स्प्रिंग चाकापासून आत असल्याने फरक वाढून दिसतो : चाकाच्या हालचालीच्या ०.६ पट स्प्रिंग हलत असेल, तर तिची १० मिमी. घट चाकाशी सुमारे १७ मिमी. होते.

एक कोपरा बसला की कर्णातला समोरचा कोपरा किंचित उचलला जातो, त्यामुळे दोषी स्प्रिंग कोणती हे लगेच कळत नाही. अशा वेळी पुढचा भाग बरोबर मध्यावर जॅक लावून उचलावा. मागचा कल तसाच राहिला तर दोष मागे. गाडी सरळ झाली तर पुढे. तत्पूर्वी अँटी-रोल बारच्या (डावे-उजवे सस्पेन्शन जोडून गाडीचे कलणे कमी करणाऱ्या दांड्याच्या) लिंक सोडवाव्यात. चाके लोंबकळत असताना आवळलेले रबरी बुशही (सांध्यांतील रबरी नळ्या) खोटी उंची दाखवतात.

उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना ‘टण्ण’ आवाज आला, तर स्ट्रटचे (स्प्रिंग व शॉक अ‍ॅब्सॉर्बर यांच्या एकत्र जोडणीचे) वरचे बेअरिंग जाम असण्याची शक्यता असते : स्प्रिंग पिळली जाते आणि एकदम सुटते. तुटक्या स्प्रिंगचा आवाजही असाच असल्याने दोन्ही तपासावेत.

स्प्रिंग जोडीने बदलतात. ताठरता २५ न्यूटन प्रतिमिमी. असलेली स्प्रिंग २०० मिमी. दाबली की ५,००० न्यूटन बल आणि ५०० जूल ऊर्जा साठते. स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरने दाबून बैठकीवरचा ताण पूर्ण उतरल्याशिवाय वरचा नट सोडू नये. नव्या स्प्रिंगचे रंगाचे ठिपके गाडीच्या प्रकाराशी जुळवावेत, टोक बैठकीच्या खाचेत टेकवावे आणि नंतर चाकांचे अलाइनमेंट व हेडलाइटचा झोत तपासावा.

वेढ्यांमधील अंतर बदलत जाणाऱ्या स्प्रिंगमध्ये दाट वेढे भार वाढल्यावर एकमेकांना टेकणे स्वाभाविक आहे; तिथल्या खरवडीवरून स्प्रिंग बसली असे ठरवता येत नाही.