घुरघुर आणि गुरगुर: मांजराचे आवाज दोन, आपला शब्द एक

मागच्या मे महिन्यात आर्वीहून आत्या आली होती. दुपारची वेळ, कूलर लावलेला, आत्या सोफ्यावर पाय वर घेऊन निवांत बसलेली. आमच्या तर्रीने थेट तिच्या मांडीत उडी मारली. (काळ्या अंगावर तांबूस तवंग, म्हणून तर्री. पोह्यांवर ओततात ती.) दोन मिनिटं सगळं बरं चाललं. मग आत्या एकदम दोन्ही हात वर करून ताठ झाली. "माह्यावर गुरगुरून राहिली व हे! चावते का?"

चावत नव्हती. उलट तर्री इतकी खुशीत होती की पुढचे पंजे आळीपाळीने आत्याच्या साडीवर दाबत होती, कणीक मळावी तसे. पण आत्याचं चुकलं असं मला काही वाटत नाही. कुत्रं परक्या माणसावर गुरगुरतं, साहेब कारकुनावर गुरगुरतो, आणि मांडीतलं मांजरही गुरगुरतंच. एवढा राग भरलेला शब्द आपण लाडाच्या आवाजालाही लावतो. मग ज्याने घरात कधी मांजर पाळलं नाही त्याने काय समजायचं? आमच्या घरी म्हणून दोन शब्द वेगळे ठेवले आहेत. लाडात येते ती घुरघुर, रागात येते ती गुरगुर. इथेही तसंच लिहिते.

घुरघुर कानाआधी हाताला कळते. नागपुरात मे महिन्यात तर फक्त हातालाच कळते, कारण कूलरचा पंखा जोरात असला की शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही. मांजराच्या हनुवटीखाली, गळ्यावर दोन बोटं ठेवा. मोबाइल व्हायब्रेटवर टाकल्यासारखी थरथर लागते. ही थरथर सेकंदाला साधारण 25 ते 30 वेळा होते. माणसाच्या कानाची खालची हद्द 20 हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला 20 थरथरींच्या) आसपास, म्हणजे घुरघुरीचा मूळ सूर आपल्या ऐकण्याच्या उंबरठ्यावरच बसलेला असतो. तीन-चार किलोच्या जिवाने एवढा खर्ज लावावा हेच खरं तर नवल आहे. लहान वाद्याचा आवाज बारीक असतो. मांजर मात्र म्याव करताना बारीक, आणि घुरघुरताना कोणत्याही गवयाच्या खाली.

हे जमतं कसं, यावर अजून वाद आहे. मेंदूकडून स्वरयंत्राच्या स्नायूंना सेकंदाला वीस-तीस वेळा संदेश जातो, स्नायू तेवढ्या वेळा आखडतात आणि हवा तुटक तुटक बाहेर येते, असं बरीच वर्षं मानलं गेलं. 1972 साली मांजरांच्या स्नायूंची विद्युत नोंद घेऊन तसं मांडलंही गेलं होतं. पुढे 2023 मध्ये व्हिएन्ना विद्यापीठाच्या ख्रिश्चन हर्ब्स्ट आणि सहकाऱ्यांनी आजारपणाने गेलेल्या 8 मांजरांची स्वरयंत्रं घेतली आणि त्यांतून गरम, दमट हवा सोडली. मेंदू नाही, स्नायूंना कुणाचा हुकूम नाही, तरी 25-30 हर्ट्झची थरथर झाली. स्वरतंतूंमध्ये त्यांना ऊतींच्या छोट्या गाद्या दिसल्या. त्यांच्या वजनाने तंतू जड होतात आणि सावकाश हलतात. जिवंत मांजरात स्नायूंचा काहीच वाटा नाही असा याचा अर्थ नाही, पण रचनेतच निम्मं काम झालेलं असतं असं दिसतं.

आता गुरगुर. ओळखण्याची सगळ्यात भरवशाची खूण श्वासात आहे. घुरघुर श्वास आत घेतानाही चालते आणि सोडतानाही, सुताराची करवत जाता-येता वाजते तशी. मधल्या वळणावर सूर किंचित बदलतो, पण धागा तुटत नाही. म्हणून तर मांजर दहा-दहा मिनिटं घुरघुरत राहू शकतं. गुरगुर मात्र सोडत्या श्वासावरची असते. श्वास संपला की ती थांबते, मांजर हवा घेतं, आणि परत सुरू. हिचा सूरही एका जागी राहत नाही. खालून वर चढतो, लांबतो, कधी रडके हेल काढण्यात जातो आणि शेवटी फिस्कारण्यात फुटतो. गच्चीवर रात्री दोन बोके समोरासमोर आले की हा सगळा प्रवास ऐकायला मिळतो. आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरांच्या गच्च्या एकमेकींना चिकटलेल्या, त्यामुळे असली मैफल महिन्यातून दोनदा तरी ठरलेली.

दुसरी खूण तोंडाची. 1944 साली मिल्ड्रेड मोल्क या अमेरिकन बाईंनी मांजरांचे आवाज ऐकून ऐकून 16 प्रकार लिहून काढले आणि तोंड कसं असतं त्यावरून त्यांचे तीन गट पाडले. तोंड मिटून काढायचे, तोंड उघडून हळूहळू मिटत काढायचे (आपलं म्याव), आणि तोंड ताणून उघडं धरून काढायचे. घुरघुर पहिल्या गटात, गुरगुर आणि फिस्कारणं तिसऱ्या. ऐंशी वर्षं होऊन गेली, तरी घरबसल्या वापरायला मला हीच वाटणी सोयीची वाटते. तिला ना यंत्र लागतं ना ॲप.

पहिल्या गटात आणखी एक आवाज आहे, त्याचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही: आपण बाहेरून आलो की मांजर तोंड न उघडता "ब्र्र्रूं?" असं प्रश्नासारखं वर चढवतं तो. तो छोटा असतो, एका दमात संपतो आणि त्याचा अर्थ बहुतेक वेळा "आलीस का?" एवढाच. आई पिल्लांना बोलावते तो हाच सूर.

घुरघुर आणि गुरगुर प्रत्यक्षात सगळ्यात जवळ येतात त्या जेवणाच्या वाटीपाशी. रविवारी मी चिकन आणते तेव्हा तर्रीसाठी एक तुकडा बिनमिठाचा, बिनमसाल्याचा उकडून ठेवते. (सावजी रश्श्यातला तुकडा मांजराला कधीही देऊ नका, तिखटाचं सोडा, कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात.) कुकरचं झाकण उघडलं की ती पायांत घोटाळते, शेपटी उभी, आणि मोठ्याने घुरघुरत असते. तुकडा वाटीत पडला, तिने तोंडात धरला, आणि मी वाटी जरा भिंतीकडे सरकवायला हात पुढे केला की त्याच गळ्यातून येते ती गुरगुर. कान मागे पडलेले, शेपटीचं टोक डावी-उजवीकडे, नजर तुकड्यावर नाही तर माझ्या हातावर. दोन आवाजांमध्ये अर्धं मिनिटही गेलेलं नसतं. माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी एक पांढरी रेघ आहे, ती याच अर्ध्या मिनिटातली.

इथे कुणी तरी वाघाचं काढतंच. नागपूरकराला वाघाचं सांगायची गरज नाही. पेंच, ताडोबा आपल्या हाकेच्या अंतरावर. वाघ गुरगुरतो आणि डरकाळी फोडतो हे सगळ्यांना ठाऊक. पण घरच्या मांजरासारखं जाता-येता श्वासावर अखंड घुरघुरणं वाघ-सिंहाला जमत नाही. वाघाला लाड दाखवायचा असतो तेव्हा तो नाकातून फुर्रफुर्र करतो, घोड्यासारखं. चित्ता मात्र डरकाळी फोडत नाही, घुरघुरतो.

आता जरा अवघड भाग, आणि माझ्या मते जास्त कामाचा. घुरघुर म्हणजे खुशी, हे समीकरण पक्कं नाही. मीही ते पक्कं धरून बसले होते. दोन वर्षांपूर्वी तर्री गच्चीच्या कठड्यावरून खालच्या पत्र्यावर पडली. मी धावत खाली गेले तर ती पत्र्याच्या कोपऱ्यात अंग आवळून बसलेली, आणि घुरघुरत होती. मला हायसं वाटलं. घरात आणून दूध ठेवलं, पोरीला काही झालं नाही म्हणून घरच्यांना सांगून मोकळी झाले. संध्याकाळपर्यंत तिने वाटीला तोंड लावलं नाही, मागचा पाय टेकला नाही, आणि घुरघुर तेवढी चालूच. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

डॉक्टरांच्या टेबलावर गंमतच झाली. ते स्टेथोस्कोप लावून हृदयाचे ठोके ऐकू पाहत होते आणि घुरघुरीपुढे त्यांना काहीच ऐकू येईना. त्यांनी शांतपणे मागे वळून बेसिनचा नळ सोडला. पाण्याचा आवाज होताच तर्रीने मान वळवली, आणि घुरघुर बंद. तेवढ्या वेळात त्यांनी ठोके मोजून घेतले. "ही जुनी युक्ती आहे," म्हणाले. "अहो, दुखत असलं तरी मांजरं घुरघुरतात. वितानाही घुरघुरतात. मरतानाही." मागच्या पायाचं हाड चिरलेलं निघालं.

मग खुशीतली आणि दुखण्यातली घुरघुर वेगळी कशी काढायची? आवाजावरून मला तरी आजवर जमलेलं नाही. बाकीच्या अंगावरून जमतं. खुशीतलं मांजर सैल असतं, डोळे अर्धे मिटतं, हात लावला की हाताकडे झुकतं. दुखणारं मांजर आवळून बसतं, हात लावला की त्या जागेपासून दूर होतं, खात नाही, स्वतःला चाटून साफ करत नाही. पिल्लं जन्मल्यावर थोड्याच दिवसांत, डोळे उघडण्याआधीच, घुरघुरू लागतात. दूध ओढताना म्याव करता येत नाही, घुरघुरता येतं, आणि आई अंगाला लागलेल्या थरथरीवरून ते जवळ असल्याचं ओळखते. तेव्हा "माझ्याजवळ राहा" हा या आवाजाचा मूळ अर्थ असावा असं मला वाटतं. खुशीत तो लागू पडतो, दुखण्यातही पडतो. घुरघुरीच्या थरथरीने हाडं जुळतात असं बरेच लोक सांगतात. ते अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. तर्रीचं हाड जुळलं ते महिनाभर पिंजऱ्यात कोंडून ठेवल्यावर.

याच आवाजाला मागणीचीही एक तऱ्हा आहे आणि ती मात्र कानाने ओळखता येते. 2009 साली इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातल्या कॅरन मॅकॉम्ब यांनी 10 मांजरांच्या घुरघुरी त्यांच्या मालकांकडूनच रेकॉर्ड करून घेतल्या: काही खायला मागतानाच्या, काही नुसत्या पडल्या पडल्या. मागणीच्या घुरघुरीत खालच्या खर्जावर एक बारीक सूर चढवलेला सापडला, 220 ते 520 हर्ट्झच्या पट्ट्यातला, रडक्या म्यावसारखा. तान्ह्या बाळाचं रडणं साधारण 300 ते 600 मध्ये असतं. ज्यांनी कधी मांजर पाळलं नव्हतं त्यांनाही ही घुरघुर जास्त निकडीची आणि कमी गोड वाटली; तो बारीक सूर रेकॉर्डिंगमधून काढून टाकल्यावर निकड उतरली. पहाटे साडेपाचला उशीपाशी होणारी घुरघुर तुम्हाला झोपू का देत नाही याचं उत्तर यात आहे. लाड म्हणून आपण हात फिरवतो, आणि मांजर वाटीकडे चालू लागतं.

राहिली घरघर. मराठीत हा शब्द आपण चांगल्या अर्थाने वापरतच नाही, आणि मांजराच्या बाबतीतही वापरू नये. हा गळ्यातला बोललेला आवाज नाही, अडलेला श्वास आहे. पोट भात्यासारखं हलतं, तोंड उघडं राहतं, मान पुढे ताणलेली. कुत्रं उन्हात तोंड उघडून धापा टाकतं ते साहजिक. मांजराने तसं केलं तर ते साहजिक नाही, आणि आपल्याकडच्या पंचेचाळीस डिग्रीत तर मुळीच नाही. झोपलेल्या मांजराचे श्वास मिनिटाला वीस-तीसच्या आसपास असतात. मोबाइलवर वेळ लावून मोजा. चाळीसच्या वर जात असतील, तर सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यकीय महाविद्यालय असो की गल्लीतले डॉक्टर, जे जवळ असेल ते गाठा. उन्हं उतरायची वाट पाहू नका.

आत्याचं म्हणाल तर ती आता तर्रीवर फिदा आहे. परवा फोनवर म्हणाली, "घुरघुर ऐकव ना व मले तिची." मी मोबाइल तर्रीच्या गळ्याशी धरला. तर्री मनापासून घुरघुरत होती, पण एवढा खालचा सूर फोनला नीट पेलत नाही. आत्या थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "कूलर बंद कर ना पहिले."

कूलर बंदच होता.