संघातली एकच जागा : परदेशी खेळाडूंना नागरिकत्व देण्यामागचा इतिहास

मार्च १९४५मध्ये मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. इंदूरच्या होळकर संघापुढे विजयासाठी ८६७ धावांचं अचाट लक्ष्य होतं. त्या डावात मुश्ताक अलींनी शतक ठोकलं आणि नाबाद २४९ धावा काढल्या डेनिस कॉम्प्टन या इंग्रजाने. युद्धामुळे त्याची नेमणूक महूच्या छावणीत झाली होती, म्हणून तो इंदूरच्या संघात. होळकर ३७४ धावांनी हरले, पण कॉम्प्टनची ती खेळी जुन्या इंदूरकरांच्या तोंडी राहिली. सी. के. नायडू मूळचे नागपूरचे, भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे. बडोद्याने विजय हजाऱ्यांना सांगलीहून आपलंसं केलं. बाहेरचा गुणी खेळाडू आपला मानायला आपल्या संस्थानांनी कधीच खळखळ केली नाही.

संस्थानाच्या संघाला पासपोर्ट लागत नव्हता, देशाच्या संघाला लागतो. आज इंदूरच्या रेसकोर्स रोडवरच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्समध्ये खेळणाऱ्या मुलांना एक प्रश्न हमखास पडतो. फिलिपिन्स, जॉर्डन, लेबनॉन, जपान या सगळ्यांच्या संघात एक अमेरिकन असतो, मग भारताच्या संघात का नाही? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर अर्धं बास्केटबॉलच्या नियमांत तर अर्धं आपल्या कायद्यात आहे.

आधी नियम. आंतरराष्ट्रीय महासंघ फिबा राष्ट्रीय संघात असा एकच खेळाडू खेळवू देतो, ज्याने वयाच्या सोळाव्या वर्षानंतर त्या देशाचं नागरिकत्व मिळवलं आहे. सोळाच्या आत पासपोर्ट हाती असेल तर तो घरचाच. अमेरिकन खेळाडू जॉर्डन क्लार्कसनची आई फिलिपिनो वंशाची. पण त्याने सोळाव्या वर्षाआधी फिलिपिन्सचा पासपोर्ट घेतला नव्हता, म्हणून फिबाने त्याला त्या एका जागेत बसवलं. २०२३चा विश्वचषक मनिला, ओकिनावा आणि जकार्तात भरला, तेव्हा ती जागा क्लार्कसनला मिळाली आणि सोळानंतर फिलिपिनो झालेला दुसरा अमेरिकन, जस्टिन ब्राउनली, बाहेर राहिला. रक्त, आडनाव, घरातली भाषा यांपेक्षा कागदावरची तारीख वरचढ ठरते, हे मला आजही खटकतं.

ही प्रथा आशियात सुरू झाली असं अनेकांना वाटतं, पण तिची मुळं युरोपात आहेत. न्यूयॉर्क राज्यात जन्मलेला क्लिफर्ड लुइक १९६०च्या दशकात रेआल माद्रिदकडून खेळता खेळता स्पॅनिश झाला. त्याच्या मागोमाग मिनेसोटाचा वेन ब्रॅबेंडर आला. १९७३च्या युरोपीय स्पर्धेत स्पेनला रौप्यपदक मिळालं, आणि सर्वोत्तम खेळाडू ठरला ब्रॅबेंडर. पुढे रशियाने जे. आर. होल्डनला पुतिन यांच्या आदेशाने नागरिकत्व दिलं. २००७च्या युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात माद्रिदमध्ये, स्पेनच्याच अंगणात, शेवटची दोन-तीन सेकंद उरली असताना त्याने बास्केट केली आणि रशिया ६०-५९ असा जिंकला. खुद्द अमेरिकाही यातून सुटलेली नाही. नायजेरियात जन्मलेला हकीम ओलाजुवॉन १९९६च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून खेळला. कॅमेरूनमध्ये जन्मलेल्या जोएल एम्बीडने फ्रान्सचं नागरिकत्व घेतलं होतं, तरी २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकला तो अमेरिकेच्या संघात दिसला आणि फ्रेंच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली.

आशियातली गरज वेगळी होती. इथे चेंडू खेळवणारे चपळ गार्ड पुष्कळ, पण रिंगखाली उभा राहून रिबाउंड (हुकलेल्या फेकीचा परत आलेला चेंडू) घेणारा उंच सेंटर दुर्मीळ. म्हणून बहुतेक देशांनी आधी उंच माणसं शोधली. फिलिपिन्सची संसद एकेका खेळाडूसाठी स्वतंत्र कायदा करते. मार्कस डाउथिट २०११मध्ये आणि आंद्रे ब्लॅच २०१४मध्ये अशाच कायद्यांनी फिलिपिनो झाले. तैवानने क्विन्सी डेव्हिसला, दक्षिण कोरियाने रिकार्डो रॅटलिफला, जपानने निक फाझेकासला आपलंसं केलं.

इथे दोन खेळाडूंवर थांबावंसं वाटतं. ब्राउनलीला जानेवारी २०२३मध्ये नागरिकत्व मिळालं, पण त्याआधी तो अनेक वर्षं मनिलाच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळत होता. ही लीग १९७५पासून चालू आहे, आशियातली पहिली. हांगझोउच्या आशियाई क्रीडास्पर्धेत उपांत्य फेरीत चीनविरुद्ध शेवटच्या क्षणी त्याने थ्री-पॉइंटर मारले, फिलिपिन्स ७७-७६ने जिंकला आणि पुढे जॉर्डनला हरवून १९६२नंतर पहिल्यांदा सुवर्णपदक घेऊन गेला. जपानच्या जॉश हॉकिन्सनचंही तसंच. तोही जपानच्या लीगमध्ये आधी दुसऱ्या श्रेणीत खेळला, तिथेच राहिला, मग नागरिक झाला. २०२३च्या विश्वचषकात ओकिनावामध्ये फिनलंडविरुद्ध त्याने २८ गुण आणि १९ रिबाउंड मिळवले. विश्वचषकात युरोपीय संघावर जपानचा तो पहिला विजय. याच स्पर्धेतल्या कामगिरीवर जपान पॅरिस ऑलिंपिकला गेला.

त्याच विश्वचषकाच्या तोंडावर चीनने काइल अँडरसनला नागरिकत्व दिलं. त्याचे पणजोबा चिनी होते. संघाबरोबर रुळायला त्याला जेमतेम काही आठवडे मिळाले. चीन २९वा आला.

घाईने दिलेलं नागरिकत्व फळल्याचं उलट उदाहरणही आहे, आणि ते लपवणं बरोबर नाही. स्पेनने २०२२मध्ये अमेरिकन लोरेन्झो ब्राउनला नागरिकत्व दिलं, तेव्हा तो स्पेनच्या लीगमध्ये एकही सामना खेळलेला नव्हता. तिथल्या खेळाडूंच्या संघटनेने उघड नाराजी व्यक्त केली. दोनच महिन्यांनी स्पेन युरोपचा विजेता झाला. पण स्पेनकडे बाकीचे अकरा जण पक्के होते, हेही पाहायला हवं. आलेल्या माणसाच्या हातात चेंडू कधी द्यायचा आणि कधी काढून घ्यायचा, हे त्यांना ठाऊक होतं.

आता आपल्याकडे वळू. भारतीय पुरुष संघ ऑलिंपिकमध्ये एकदाच खेळला, १९८०मध्ये मॉस्कोला. आशियाई अजिंक्यपद स्पर्धेतली आपली सर्वोत्तम कामगिरी १९७५ची, चौथा क्रमांक. २०१४मध्ये वुहानला आपण चीनला ६५-५८ असं हरवलं. अमृतपाल सिंग, अमज्योत सिंग, विशेष भृगुवंशी ही घरचीच माणसं. तो विजय मी आजही अभिमानाने सांगतो. पण मोठ्या स्पर्धांत समोरच्या संघात एक अमेरिकन आणि आपल्या संघात कुणीच नाही, हे अंतर जाणवतंच.

कारण कायदा. संविधानाचा अनुच्छेद ९ आणि १९५५चा नागरिकत्व कायदा यांमुळे भारतीय माणसाला दुहेरी नागरिकत्व ठेवता येत नाही. निव्वळ परदेशी व्यक्तीला नागरिक व्हायचं तर साधारण बारा वर्षांचा निवास लागतो. बास्केटबॉलपटूची कारकीर्द तेवढ्यात संपते. २००८च्या डिसेंबरात क्रीडा मंत्रालयाने भारतीय पासपोर्ट नसलेल्या खेळाडूंना देशाकडून खेळायला मनाई केली, आणि ओसीआय कार्डधारकांची, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांची, वाट बंद झाली. कॅनडात वाढलेला, सात फूट पाच इंच उंचीचा सिम भुल्लर २०१५मध्ये एनबीए या अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळलेला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू. तो आपल्या संघात कधी दिसला नाही.

अमेरिकेतून एखादा सेंटर आणून बसवावा असं मला वाटत नाही. इंदूरच्या कितीतरी मराठी घरांतली मुलं न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये शाळेच्या संघांतून खेळत मोठी होताहेत, त्यांची मला जास्त काळजी वाटते. त्यांच्यासाठी कायद्यात एक वाट आहे. पाच वर्षं ओसीआय नोंदणी असेल आणि अर्जाआधी एक वर्ष भारतात राहिलं असेल, तर नोंदणीने नागरिकत्व मागता येतं. अट एकच, परदेशी नागरिकत्व सोडावं लागतं. फुटबॉलमध्ये हे घडलं आहे. जपानमध्ये जन्मलेला इझुमी अराता २०१३मध्ये भारताकडून खेळला, आणि पर्थमध्ये वाढलेल्या रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून २०२५मध्ये भारतीय पासपोर्ट घेतला.

बास्केटबॉलमध्ये असा मुलगा आला, तर पासपोर्ट सोळानंतरचा म्हणून पहिल्यांदा त्याच एका जागेवर मोजला जाईल. मात्र जन्मानेच ज्याचा नागरिकत्वावर हक्क होता आणि ज्याने तो उशिरा मागितला, अशा खेळाडूबद्दल फिबाचे महासचिव वेगळा निर्णय देऊ शकतात. त्यासाठी ते दोन गोष्टी मुख्यतः पाहतात : खेळाडू त्या देशात किती वर्षं राहिला, आणि तिथल्या लीगमध्ये किती मोसम खेळला. पहिली गोष्ट त्या मुलाच्या आईवडिलांच्या हातात आहे. दुसरीसाठी देशात वर्षानुवर्षं न खंडता चालणारी लीग हवी, आणि ती उभी करणं भारतीय बास्केटबॉल महासंघाचं काम आहे.