सेल्सिअस व फॅरनहाइट : तापमानाचे रूपांतर

सेल्सिअस आणि फॅरनहाइट या दोन मापक्रमांत एकच तापमान वेगवेगळ्या आकड्यांनी लिहिले जाते. एकातल्या आकड्यावरून दुसऱ्यातला आकडा काढणे म्हणजे तापमानाचे रूपांतर. सूत्र एका ओळीचे आहे : फॅ = (से × ९/५) + ३२. उलट जायचे तर से = (फॅ − ३२) × ५/९. ते पाठ असते, तरी चुका होतात, कारण त्यातले ३२ कशासाठी आहेत हे सहसा कुणी सांगत नाही.

दोन्ही मापक्रमांत शून्याची जागा वेगळी आणि अंशाचा आकारही वेगळा. समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाला पाणी सेल्सिअसच्या ०° ला गोठते आणि १००° ला उकळते. फॅरनहाइटवर हेच आकडे ३२ आणि २१२. एकाने जे अंतर १०० भागांत विभागले, तेच दुसऱ्याने १८० भागांत. १८० ला १०० ने भागले की ९/५ येतात. सूत्रातला गुणाकार अंशांचा आकार जुळवतो, ३२ शून्याची जागा जुळवतात.

हे ३२ आले कुठून? डान्त्सिग (आजचे ग्दान्स्क) येथे जन्मलेला आणि हॉलंडमध्ये तापमापक बनवणारा डॅनियल गाब्रिएल फॅरनहाइट (१६८६–१७३६) याने १७२४ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली. बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाला त्याने ० धरले, नुसत्या बर्फ-पाण्याला ३२ आणि निरोगी शरीराला ९६. पाण्याचे गोठणे आणि उकळणे ३२ व २१२ वर पक्के करण्यात आले ते पुढे, आणि त्यामुळे शरीराचा आकडाही सरकला. स्वीडनमधील उप्साला येथील खगोलशास्त्रज्ञ अँडर्स सेल्सिअस (१७०१–१७४४) याने १७४२ मध्ये शंभर भागांचा मापक्रम मांडला, पण त्यात पाणी ० ला उकळत असे आणि १०० ला गोठत असे. हा उलटा क्रम काही वर्षांतच सुलटा झाला. ‘सेंटिग्रेड’ऐवजी ‘सेल्सिअस’ हे नाव १९४८ मध्ये अधिकृत झाले.

तोंडी हिशेबाला एक सोपी रीत आहे, आणि ती अंदाजाची नव्हे, अगदी अचूक आहे. सेल्सिअसचा आकडा दुप्पट करायचा, त्यातून त्याचाच दहावा भाग वजा करायचा आणि ३२ मिळवायचे. २३° से. घ्या : दुप्पट ४६, त्यातून ४.६ गेले, उरले ४१.४; ३२ मिळवून ७३.४° फॅ. याहून सोपे म्हणजे पाच-नऊचा पाढा. सेल्सिअस ५ ने वाढले की फॅरनहाइट ९ ने वाढते : ०–३२, ५–४१, १०–५०, १५–५९, २०–६८, २५–७७, ३०–८६. उणे ४० ला दोन्ही आकडे एकच होतात. त्यामुळे आणखी एक देखणी रीत मिळते : आधी ४० मिळवा, ९/५ ने (किंवा उलट जाताना ५/९ ने) गुणा, मग ४० वजा करा. २५ चे ६५, ६५ चे ११७, ११७ चे ७७. दोन्ही दिशांना पायऱ्या त्याच, म्हणून ३२ आधी की नंतर हा घोळ राहत नाही.

सर्वांत मोठी चूक तापमानातला फरक बदलताना होते. फरकाला ३२ लावायचे नसतात. हवामानबदलाविषयीच्या २०१५ च्या पॅरिस करारातील, पृथ्वीच्या सरासरी तापमानातील १.५° से. वाढीची मर्यादा फॅरनहाइटमध्ये २.७ अंशांची होते. सूत्र आंधळेपणाने वापरले तर ३४.७ येतात, आणि असे छापलेही जाते. फरकाला शून्याची जागा नसते, त्याला फक्त अंशाचा आकार असतो. तसेच १०° से. वरून २०° से. झाले म्हणजे उष्णता दुप्पट झाली असे नाही. फॅरनहाइटमध्ये तेच ५० वरून ६८ आहे.

दुसरी चूक दशांशाची. जर्मन वैद्य कार्ल वुंडरलिश याने १८६८ मध्ये निरोगी शरीराचे सरासरी तापमान ३७° से. दिले. त्याचे रूपांतर केले की नेमके ९८.६ येतात, आणि दशांशचिन्हामुळे ती काटेकोर सीमा वाटू लागते. पण पूर्ण अंशात सांगितलेल्या ३७ मध्ये ३६.५ पासून ३७.५ पर्यंतचे सारे सामावते, म्हणजे फॅरनहाइटमध्ये ९७.७ पासून ९९.५ पर्यंत.