नुसतं तापवून भुकट्या वेगळ्या का होत नाहीत?

दोन पदार्थांचे द्रवणांक वेगळे आहेत ना, मग मिश्रण हळूहळू तापवायचं आणि आधी वितळेल ते ओतून घ्यायचं, इतकं सोप्पं वाटतं. आपल्या हुपरीतल्या चांदीचंच घ्या. चांदी 962 अंशाला वितळते, तांबं 1085 ला, म्हणजे दोन्हीची भुकटी मिसळली असेल तर मूस 1000 अंशावर ठेवली की चांदीचा रस आणि तांब्याचे कण वेगळे व्हायला पाहिजेत. पण होत नाहीत.

जिथं चांदीचा कण तांब्याच्या कणाला चिकटलेला असतो तिथं 780 अंशाच्या आसपासच रस सुटायला लागतो, दोघांच्याही द्रवणांकाच्या कितीतरी खाली! आणि त्या पहिल्या रसातच साधारण 72 टक्के चांदी नि 28 टक्के तांबं असतं. कारण काय, तर घन असताना दोघांना एकमेकांत फारशी जागा नसते, पण रसात ते मनसोक्त मिसळतात, त्यामुळं रस होणंच त्यांना कमी तापमानाला परवडतं. याला युटेक्टिक म्हणतात. म्हणून चांदीतलं तांबं काढायला नायट्रिक ॲसिडसारखी केमिस्ट्री लागते, नुसती भट्टी पुरत नाही.

हे घरी बघायचं असेल तर अमृतधारा करून बघा. कापूर साधारण 175 अंशाला वितळतो, ओव्याचं फूल 50 ला, पुदिन्याचं फूल 42 ला, तिन्ही कोरडी पण बाटलीत एकत्र करून हलवत राहिलं की गॅस न पेटवता पातळ होतात, मला तर हे दरवेळी बघायला आवडतं.

मग ही युक्ती चालते कुठं? जिथं एक दुसऱ्यात विरघळत नाही तिथं. वाळूतलं गंधक 115 अंशाला पातळ होतं, वाळू तशीच राहते. फ्राश पद्धतीत जमिनीखालच्या गंधकाच्या थरात दाबाखालचं 160 अंशाच्या वरचं पाणी सोडून ते वितळवून वर काढायचे. पण गंधकात लोखंडाचा कीस असेल तर आधी लोहचुंबक फिरवायचा, तापवलं तर दोघांचं आयर्न सल्फाइड होऊन बसतं.

एकमेकांत विरघळणाऱ्यांसाठीसुद्धा वाट आहे, फक्त चिकाटी पाहिजे. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन प्रयोगशाळेच्या विल्यम फॅननी 1950 च्या दशकात जर्मेनियमच्या (ट्रान्झिस्टरसाठी लागणारं मूलद्रव्य) कांडीचा अरुंद पट्टा वितळवून तो पट्टा एका टोकाकडून दुसऱ्याकडं सरकवला, बरीचशी अशुद्धी रसाबरोबर पुढं जाते, मागं शुद्ध घन राहतं, मग परत तेच, परत तेच, आणि शेवटी घाण जमलेलं टोक कापून टाकायचं.