जॉर्डनला शाळेच्या टीममधून काढलं होतं? अर्धवट खरंय

‘बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डनला शाळेच्या टीममधून हाकललं, तो घरी जाऊन रडला आणि मग जगातला बेस्ट झाला’ हा फॉरवर्ड दर परीक्षेच्या निकालाला येतोच. रडल्याचं तो स्वतःच सांगतो, ते खरंय. पण हाकललं वगैरे काही नव्हतं हो!

झालं असं की 1978 ला नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनच्या लेनी हायस्कूलमध्ये तो दहावीत होता, उंची जेमतेम पाच फूट दहा इंच, आणि तिकडे शाळेच्या दोन टीम असतात, व्हर्सिटी म्हणजे मेन आणि ज्युनियर व्हर्सिटी म्हणजे लहान पोरांची, तर याला ज्युनियरमध्ये टाकलं, एवढंच. दहावीतली पोरं सहसा तिथेच खेळायची. मेन टीममध्ये त्याच्या वर्गातला एकच गेला, लेरॉय स्मिथ, कारण गडी साडेसहा फुटांचा आणि टीममध्ये उंच पोरांची बोंब! कोचचं काय चुकलं सांगा? उलट ज्युनियरला जॉर्डनला भरपूर खेळायला मिळालं, मेनमध्ये बेंचवरच बसला असता बहुतेक.

पण राग त्याने जपून ठेवला. 2009 ला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बास्केटबॉलमधल्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत, घेतलं तेव्हाच्या भाषणात त्याने लेरॉयचं नाव काढलंच, आणि लेरॉय तिथेच बसलेला, यानेच बोलावलेला 😄