धक्का किती बसला, यापेक्षा डोके वळले कसे

खरवसाची वाटी टेबलावरून सरळ पुढे ढकलून एकदम थांबवली, तर खरवस थरथरतो, पण मोडत नाही. तीच वाटी मनगटाच्या झटक्याने गर्रकन फिरवली, तर वाटी फिरते, खरवस मागे राहतो आणि कडेपाशी चिरतो. ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ ए. एच. एस. हॉलबर्न यांनी १९४०च्या दशकात जिलेटिनच्या मेंदूवर साधारण असाच प्रयोग केला आणि मेंदूची हानी मुख्यतः डोके वेगाने वळल्यामुळे होते, असे १९४३ मध्ये मांडले. याचे कारण मेंदूच्या घडणीतच आहे. पाण्याप्रमाणेच मेंदू दाबून लहान करणे जवळजवळ अशक्य असते. मात्र त्याचे थर एकमेकांवरून सरकवायला अगदी थोडे बळ पुरते. दाबण्याला आणि सरकवण्याला मेंदू करत असलेल्या या दोन विरोधांत सुमारे दहा लाख पटींचा फरक आहे.

हॉलबर्न यांच्या हाती संगणक नव्हता. आज हाच प्रश्न, विशेषतः खेळाडूंच्या डोक्याला बसणाऱ्या धक्क्यांसाठी, ‘फायनाइट एलिमेंट’ पद्धतीने, म्हणजे संगणकावर डोक्याचे प्रारूप बनवून सोडवतात. एमआरआय प्रतिमांवरून कवटी, मेंदूभोवतीचा द्रव, मेंदूचा करडा आणि पांढरा भाग, दोन अर्धगोलांमधला चिवट पडदा यांची त्रिमितीय आकृती तयार केली जाते, तिचे लाखो बारीक तुकडे पाडले जातात आणि प्रत्येक तुकड्याला त्या त्या ऊतीचे गुणधर्म दिले जातात. मग कवटीला धक्का द्यायचा आणि प्रत्येक तुकडा शेजारच्याला किती ओढतो, हे मोजायचे. टक्कर काही मिलिसेकंदांत संपते; गणित मात्र मायक्रोसेकंदाहूनही लहान पावलांनी पुढे सरकते, त्यामुळे ते पुरे व्हायला कित्येक तास लागू शकतात.

हा धक्का नेमका किती आणि कोणत्या दिशेने द्यायचा, ही खरी अडचण होती. अमेरिकन फुटबॉलच्या टकरींच्या चित्रफितींवरून वेग आणि कोन काढून त्या टकरी प्रयोगशाळेत डमींवर पुन्हा घडवल्या गेल्या. पुढे हेल्मेटमध्ये संवेदक बसवले गेले, पण हेल्मेट डोक्यावर सरकते. वरचे दात कवटीत घट्ट रुतलेले असल्यामुळे माउथगार्डमधला संवेदक कवटीची हालचाल अधिक विश्वासाने टिपतो. रग्बीमध्ये असे माउथगार्ड आता सामन्यांतही वापरले जातात.

या प्रारूपांनी दिलेले सर्वांत बोलके उत्तर एका जुन्या कोड्याशी जुळते. पिट्सबर्ग स्टीलर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे खेळाडू माइक वेब्स्टर यांचे २००२ मध्ये निधन झाल्यावर विकृतिशास्त्रज्ञ डॉ. बेनेट ओमालू यांना त्यांच्या मेंदूत टाऊ प्रथिनाचे विकृत साठे आढळले. डोक्यावर वारंवार मार खाल्लेल्या खेळाडूंमध्ये दिसणाऱ्या सीटीई (क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी) या मेंदूच्या आजारात हे साठे मेंदूच्या वळ्यांमधल्या खाचांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती जमतात. डोक्यावरचा आघात बाहेरून होतो, मग खुणा इतक्या खोल का? लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या मझ्दाक घजारी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये या खाचा बारकाईने दाखवणारे प्रारूप वापरले, आणि गणितात ऊती सर्वाधिक ताणल्या गेल्या त्या याच खाचांत. खाचा गुळगुळीत करून टाकलेल्या जुन्या, ढोबळ प्रारूपांना हे दिसणे शक्यच नव्हते.

अर्थात, संगणकाच्या पडद्यावर सर्वाधिक ताण दाखवणारा लालभडक ठिपका पाहून कोणी थेट निदान करू नये. ऊती किती ताणली गेली, एवढेच प्रारूप सांगते. कन्कशन, म्हणजे धक्क्याने मेंदूचे काम तात्पुरते बिघडणे, झाले की नाही, हे खेळाडूला तपासून डॉक्टरच ठरवतात. शिवाय प्रारूप खरे की खोटे हे पडताळायचे कशावर? डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात मृतदेहांच्या मेंदूंत सूक्ष्म खुणा रोवून, डोक्याला धक्का देताना त्या खुणा किती सरकतात, हे वेगवान क्ष-किरण चित्रणाने टिपले गेले होते. सरकणे काही मिलिमीटरचेच. तरी अनेक प्रारूपे आजही याच मोजक्या नोंदींशी ताडून पाहिली जातात. रक्ताभिसरण चालू असलेला विशीतल्या खेळाडूचा मेंदू अगदी तसाच वागेल, असे गृहीत धरण्यात जोखीम आहे.

दुसरी मर्यादा सरासरीची. बरीच प्रचलित प्रारूपे सरासरी प्रौढ पुरुषाच्या डोक्यावरून घडवलेली आहेत. डोके मोठे असेल, तर तेवढ्याच कोनीय त्वरणाने, म्हणजे वळण्याचा वेग तितक्याच झपाट्याने वाढला तरी, मेंदू अधिक ताणला जातो, हे हॉलबर्न यांच्या विचारातूनही निघते. म्हणून आता एकाच प्रारूपाची जाळी, म्हणजे त्या बारीक तुकड्यांची मांडणी, ज्याच्या-त्याच्या एमआरआयनुसार ताणून किंवा आवळून, त्या व्यक्तीच्या डोक्याच्या मापाची करून घेण्याकडे संशोधकांचा कल आहे.