२२१२ मोटर आणि २२००ची लिपो : ही जोडी आली कुठून?

सांगली, इस्लामपूर, कराड, सातारा. इथल्या कॉलेजांतल्या मुलांनी स्पर्धेसाठी बांधलेलं छोटं विमान उघडून पाहिलं, तर आत बहुतेकदा ठरलेला संच असतो. १००० केव्हीची (व्होल्टमागे मिनिटाला हजार फेऱ्या) २२१२ मोटर, तिचा वेग सांभाळणारा ३० अँपिअरचा ईएससी, १०४५ प्रॉप म्हणजे पंखा, आणि २२०० एमएएच क्षमतेची थ्री-एस, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या तीन सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी). वर सनपॅक (पोकळ प्लास्टिकचा पत्रा) किंवा फोम. हा संच इतका रुळला आहे की तो विमानासाठीच बनला असावा असं वाटतं. पण तो बनला नाही. २०१२-१४च्या सुमारास ४५० मिलिमीटर सांगाड्याच्या क्वाडकॉप्टरची, म्हणजे चार प्रॉपच्या ड्रोनची लाट आली, त्या सांगाड्याला हेच भाग लागत आणि दुकानदारांनी तेच भरून ठेवले. स्वस्त तेच मिळालं, आणि मिळालं तेच विमानात बसलं.

त्याआधीचा काळ थोडक्यात असा. रेडिओवर चालणारं विजेचं विमान इंग्लंडमध्ये १९५७ सालीच सिल्व्हर-झिंक बॅटरीवर उडालं होतं. पुढची काही दशकं निकेल-कॅडमियम सेल आणि ब्रशच्या मोटरांची होती. सात सेलचा पॅक ८.४ व्होल्ट द्यायचा, मोठा प्रॉप फिरवायचा तर गिअर लावावा लागायचा आणि विमान जडच राहायचं. २००० नंतरच्या पहिल्या चार-पाच वर्षांत दोन गोष्टी बदलल्या. छंदी लोकांनी जुन्या सीडी ड्राइव्हच्या मोटरांना नवं वाइंडिंग आणि निओडिमियम चुंबक लावून बाहेरचं कवच फिरणाऱ्या ब्रशलेस मोटरा बनवल्या. त्या गिअरशिवाय मोठा प्रॉप फिरवू शकत. आणि लिपो आली.

सुरुवातीच्या लिपो फार नाजूक होत्या. सी म्हणजे क्षमतेच्या किती पट प्रवाह ओढता येतो तो आकडा. त्यांचा तीन ते पाच सी, म्हणजे २००० एमएएचच्या पॅकमधून जेमतेम ६ ते १० अँपिअर. त्याहून जास्त ओढलं की पॅक फुगायचा. त्या दिवसांत सीचा आकडा खरोखर निर्णायक होता, आणि तेव्हाची धास्ती अजून गेलेली नाही. पुढे सेल सुधारले तसे लेबलवरचे आकडे २०, ३०, ४०, ६० असे चढत गेले. मात्र हा आकडा कसा मोजायचा याला सगळ्यांना बांधील असं माप नाही. किती सेकंदांसाठी, व्होल्टेज कितीपर्यंत उतरू देऊन, सेल किती तापू देऊन, हे लेबलवर लिहिलेलं नसतं. त्यामुळे दोन वेगवेगळ्या छापांच्या पॅकवरचे सी एकमेकांशी ताडून पाहण्यात काही हशील नाही.

आपल्या संचाचा हिशेब मांडू. २२०० एमएएच आणि २५ सी म्हणजे कागदावर ५५ अँपिअर. पण १०४५ प्रॉप लावलेली ही मोटर थ्री-एसवर पूर्ण थ्रॉटलला १३ ते १५ अँपिअरच्या आसपास ओढते. १५ धरले तरी सातसुद्धा सी होत नाही. मग ४० सीचा जड, महाग पॅक कशासाठी? त्यापेक्षा चार्जरवर दिसणारा प्रत्येक सेलचा अंतर्गत रोध पाहावा. नव्या चांगल्या सेलचा ६ मिलिओम असेल, तर १५ अँपिअरला व्होल्टेज ०.०९ने पडतं आणि सेलमध्ये साधारण १.३५ वॉट उष्णता तयार होते. तोच रोध २० मिलिओमवर गेला की पडझड ०.३ व्होल्ट आणि उष्णता ४.५ वॉट. लेबल तेच असतं, पॅक मात्र संपलेला असतो. मोजणी दरवेळी सारख्याच तापमानाला करावी, कारण थंडीत रोध जास्त दिसतो. आणि एप्रिल-मेच्या सांगलीत पूर्ण चार्ज केलेला पॅक आठवडाभर ठेवू नये. दर सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवला तर बराच टिकतो.

खरा वाद आहे तो २२०० की १३००, याचा. २२००चा पॅक १७० ते १९० ग्रॅमचा असतो. ७०० ग्रॅमच्या विमानात चौथाई वजन एकट्या बॅटरीचं. १३००चा पॅक ११० ग्रॅमच्या आसपास, आणि १५ अँपिअर म्हणजे त्याच्यासाठी साडेअकरा सी, जे चांगल्या पॅकला सहज झेपतं. २२००च्या बाजूने बोलणारे सांगतात की फोमच्या विमानाचं शेपूट जड होतं, नाकात वजन हवंच असतं, मग बॅटरीच का नको. मुद्दा चुकीचा नाही, पण त्यावर उपाय म्हणजे नाक थोडं लांब करणं आणि सर्व्हो (पंख-शेपटाच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरा) पुढे सरकवणं. वजन घातल्याने गुरुत्वमध्य जागेवर येतो, लँडिंगचा वेग मात्र वाढतो, आणि सनपॅकचं नाक चेपतं ते त्या वेगानेच.

प्रॉपचंही तसंच. क्वाडला जागेवर तरंगायचं असतं, म्हणून १०४५: व्यास मोठा, १० इंच; पिच, म्हणजे एका फेरीत पुढे सरकायचं अंतर, कमी, साडेचार इंच. मिनिटाला ७००० फेऱ्यांना साडेचार इंच पिच म्हणजे ताशी ४८ किलोमीटर, त्यापलीकडे तो प्रॉप विमानाला ओढू शकत नाही. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. समोरचा वारा ताशी तीसचा असला तर विमान जेमतेम पुढे सरकतं. तिथे ९ बाय ६ लावावा. ८००० फेऱ्यांना तो ७० किलोमीटरच्या पुढे जातो, आणि प्रवाह साधारण तेवढाच राहतो. तरी वॉटमीटर लावून खात्री करावी. हजार-अकराशे मीटर उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा दहाएक टक्के विरळ असते, त्यामुळे तक्त्यातला थ्रस्टचा (प्रॉपच्या ओढीचा) आकडा तिथे तसाच मिळत नाही.

मोटर मागवताना आकड्यांचा गोंधळ होतो. २२१२ म्हणजे आतल्या स्टेटरचा व्यास २२ आणि उंची १२ मिलिमीटर. काही विक्रेते बाहेरच्या कवचाचं माप देतात, आणि जवळपास तीच मोटर २८३० नावाने विकली जाते. नंबर मोठा म्हणून मोटर मोठी समजू नये, वजन पाहावं: ५० ग्रॅमच्या आसपास.

कृष्णाकाठी आणखी एक धोका आहे, उसाचा. विमान फडात हरवलं तर ईएससी कमी व्होल्टेजला मोटर बंद करतो, पण रिसीव्हर आणि सर्व्हो बीईसीमधून, म्हणजे ईएससीतल्या त्यांना वीज पुरवणाऱ्या भागातून, वीज ओढतच राहतात. दुसऱ्या दिवशी विमान सापडेपर्यंत सेल ३ व्होल्टच्या खाली गेलेले असतात. असा पॅक पुन्हा चार्ज करू नये.

२०२१ आणि २०२२ या दोन वर्षांत नियमांनीही या संचाला हात लावला. ऑगस्ट २०२१च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा वर्ग सर्वांत सैल ठेवला गेला. फेब्रुवारी २०२२ला तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आली, सुटे भाग मात्र मोकळे राहिले, त्यामुळे २२१२ बाजारात तशीच टिकली. पण मोटर ५०, ईएससी २५, बॅटरी १८०: विमानाचा सांगाडा धरायच्या आधीच २५५ ग्रॅम होतात. या वर्गात राहायचं असेल तर १८०६सारखी मोटर, ५ ते ६ इंचांचा प्रॉप, १२ अँपिअरचा ईएससी आणि टू-एस ४५० ते ८०० एमएएचची लिपो घ्यावी लागते.